पारलिंगी खेळाडू, स्त्री गट आणि न्याय्य स्पर्धा : महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नोव्हेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने (आयसीसी) एक निर्णय जाहीर केला. पुरुष म्हणून वयात आलेल्या कोणत्याही व्यक्तीस, तिने पुढे कोणतेही उपचार वा शस्त्रक्रिया करून घेतल्या असल्या तरी, आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेटमध्ये खेळता येणार नाही, असा तो निर्णय होता. त्या वेळी महाराष्ट्रात त्याची फारशी चर्चा झाली नाही. वर्षभरानंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, अनया बांगर यांनी आपल्या लिंगबदलाच्या प्रवासाविषयी समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिले आणि हा प्रश्न मराठी घराघरांत पोहोचला. अनया या भारताचे माजी अष्टपैलू खेळाडू आणि राष्ट्रीय संघाचे माजी फलंदाजी प्रशिक्षक, बीड येथे जन्मलेले संजय बांगर यांच्या कन्या होत. मुंबईत आणि इंग्लंडमध्ये क्लब क्रिकेट खेळलेल्या या खेळाडूपुढे आता कोणत्या गटात खेळावयाचे हा प्रश्न उभा राहिला.

या विषयावरील चर्चा बहुधा दोन टोकांवर चालते. एका बाजूस हा स्त्री खेळाडूंवरील उघड अन्याय मानला जातो, तर दुसऱ्या बाजूस आक्षेप घेणाऱ्या प्रत्येकाला मानवी हक्कांचा विरोधक ठरविले जाते. महाविद्यालयातील प्राध्यापकांना मात्र यांपैकी कोणत्याही टोकावर थांबता येत नाही. कारण संघनिवडीचा कागद शेवटी त्यांच्याच टेबलावर येतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे शास्त्रीय, नियमात्मक आणि कायदेशीर अंग स्पष्ट करून पालघर, बोईसर-तारापूर परिसरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. पारलिंगी खेळाडूंच्या सहभागासंबंधीच्या मूलभूत संकल्पना स्पष्ट करणे.
२. शारीरिक क्षमतेविषयी उपलब्ध असलेल्या पुराव्याचा आणि त्याच्या मर्यादांचा आढावा घेणे.
३. आंतरराष्ट्रीय क्रीडानियम आणि भारतीय कायदा यांच्या दिशांतील फरक समजून घेणे.
४. महाविद्यालयीन पातळीवर अवलंबिता येईल अशी व्यवस्था सुचविणे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

जन्माच्या वेळी नोंदविलेले लिंग आणि व्यक्तीची स्वतःची लिंगओळख भिन्न असेल तर त्या व्यक्तीस येथे 'पारलिंगी' असे म्हटले आहे. मराठीत रूढ असलेल्या 'तृतीयपंथी' या शब्दाला विशिष्ट समुदायाचा आणि परंपरेचा संदर्भ आहे; प्रत्येक पारलिंगी व्यक्ती त्या समुदायात राहतेच असे नाही. जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेली परंतु स्वतःस स्त्री मानणारी व्यक्ती ही पारलिंगी स्त्री, आणि याच्या उलट पारलिंगी पुरुष.

यापासून 'आंतरलिंगी' अवस्था वेगळी ओळखणे आवश्यक आहे. जन्मतः गुणसूत्रे, संप्रेरके वा जननग्रंथी यांत नेहमीपेक्षा वेगळी रचना असणे म्हणजे आंतरलिंगी अवस्था. आपल्याकडील गाजलेली प्रकरणे याच प्रकारच्या वादांतून उद्भवली. तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांचे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतील ८०० मीटर शर्यतीचे रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आले. ओडिशाच्या द्युती चंद यांना २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेपूर्वी संघातून वगळण्यात आले. त्यांनी क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने टेस्टोस्टेरॉनविषयक त्या वेळच्या नियमाला स्थगिती दिली. या दोघीही जन्मापासून मुली म्हणून वाढलेल्या होत्या. त्यांना पारलिंगी म्हणता येत नाही. वृत्तपत्रीय चर्चेत मात्र हे दोन प्रश्न सर्रास एकत्र केले जातात आणि त्यामुळे दोन्हींचे आकलन गढूळ होते.

स्त्री गटाचे प्रयोजन

क्रीडास्पर्धेत सर्व असमानता दूर केल्या जात नाहीत. उंच मुलगी बास्केटबॉलमध्ये पुढे जाते. त्यास कोणी अन्याय म्हणत नाही. परंतु काही असमानता इतक्या निर्णायक असतात की त्यांच्यासाठी स्वतंत्र गट केले जातात. कुस्तीतील वजनगट आणि शालेय स्पर्धांतील १४, १७ व १९ वर्षांखालील गट ही त्याची परिचित उदाहरणे. स्त्री गट हाही याच तत्त्वावर उभा आहे. हा गट नसता तर बहुतेक खेळांच्या अंतिम फेरीत स्त्रिया दिसल्याच नसत्या. म्हणजे स्त्री गट ही मुळात समावेशनासाठीच केलेली व्यवस्था आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पारलिंगी स्त्रीच्या सहभागाचा वाद हा त्यामुळे समावेशन विरुद्ध वगळणूक असा सरळ नाही. एकाच मैदानावर समावेशनाचे दोन दावे समोरासमोर आलेले आहेत.

शारीरिक क्षमतेविषयीचा पुरावा

वयात येण्यापूर्वी मुलगे व मुली यांच्या क्रीडाक्षमतेत फरक अल्प असतो. वयात येताना मुलग्यांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढते. प्रौढ पुरुषात त्याचे प्रमाण साधारणतः ८ ते ३० नॅनोमोल प्रति लिटर असते, तर बहुतेक स्त्रियांत ते २ नॅनोमोलपेक्षा कमी असते. या वाढीमुळे उंची, हाडांची लांबी व जाडी, स्नायूंचे वस्तुमान, हृदय व फुप्फुसांचा आकार आणि हिमोग्लोबिन यांत फरक पडतो. उच्च पातळीवरील धावणे व पोहणे यांत स्त्री-पुरुष कामगिरीतील अंतर सर्वसाधारणपणे १० ते १२ टक्के दिसते. उडी, फेक व भारोत्तोलन यांत ते अधिक असते. उदाहरणार्थ, १०० मीटर धावण्याचे जागतिक विक्रम पुरुषांत ९.५८ सेकंद आणि स्त्रियांत १०.४९ सेकंद आहेत, तर लांब उडीचे अनुक्रमे ८.९५ मीटर आणि ७.५२ मीटर. अंतिम फेरीत पदके सेकंदाच्या शतांश भागावर ठरतात, हे लक्षात घेता हे अंतर फार मोठे आहे.

पुढचा प्रश्न असा की, टेस्टोस्टेरॉन कमी करणाऱ्या उपचारांनी हे अंतर पुसले जाते काय? येथे पुरावा संमिश्र आहे. हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येते. स्नायूंचे वस्तुमान व ताकद मात्र बारा महिन्यांच्या उपचारानंतर सुमारे ५ टक्केच घटते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिल्टन व लुंडबर्ग यांच्या आढाव्यात नमूद आहे. अमेरिकी हवाई दलातील कर्मचाऱ्यांच्या नोंदींवर आधारित रॉबर्ट्स व सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासात, दोन वर्षांच्या उपचारानंतर जोर व उठाबशांसारख्या व्यायामप्रकारांतील आघाडी नाहीशी झाली. परंतु दीड मैलाच्या धावण्यात पारलिंगी स्त्रिया तरीही सुमारे १२ टक्के वेगवान आढळल्या. हाडांची लांबी व उंची तर उपचारांनी बदलतच नाही.

या पुराव्याच्या मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. अशा अभ्यासांतील व्यक्ती बहुतांशी प्रशिक्षित स्पर्धक नव्हत्या, त्यांची संख्या अल्प होती आणि सर्व खेळांना एकच निष्कर्ष लागू करणे शक्य नाही. धनुर्विद्येत जे महत्त्वाचे ते कबड्डीत नाही. शिवाय सर्वोच्च पातळीवर पारलिंगी स्त्रियांचे वर्चस्व निर्माण झाले आहे असेही चित्र दिसत नाही. न्यूझीलंडच्या लॉरेल हबर्ड टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ मध्ये झालेल्या) भारोत्तोलनात उतरल्या, परंतु त्यांना एकही यशस्वी उचल नोंदविता आली नाही. तात्पर्य, 'आघाडी मुळीच राहत नाही' आणि 'आघाडी नेहमीच निर्णायक असते' ही दोन्ही विधाने उपलब्ध पुराव्याच्या पुढे जाणारी आहेत.

आंतरराष्ट्रीय नियमांची वाटचाल

ऑलिंपिकमध्ये १९६८ पासून स्त्री खेळाडूंच्या गुणसूत्रांची सरसकट चाचणी होत असे. तिच्यातील त्रुटी व होणारी मानहानी लक्षात घेऊन आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये ती थांबविली. २००४ मध्ये शस्त्रक्रिया व दोन वर्षांचे उपचार या अटींवर पारलिंगी खेळाडूंना परवानगी मिळाली. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेची अट गेली आणि बारा महिने टेस्टोस्टेरॉन १० नॅनोमोलपेक्षा कमी असणे पुरेसे मानले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये समितीने, कोणाचीही आघाडी गृहीत धरू नये व प्रत्येक महासंघाने आपल्या खेळापुरता निर्णय घ्यावा, अशी चौकट मांडली.

महासंघांची पावले मात्र उलट दिशेने पडत गेली. जागतिक रग्बी संघटनेने २०२० मध्ये, प्रामुख्याने इजेच्या कारणास्तव, सर्वोच्च पातळीवरील महिला रग्बीत पारलिंगी स्त्रियांना प्रवेश नाकारला. जलतरण महासंघाने जून २०२२ मध्ये आणि जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने मार्च २०२३ मध्ये, पुरुष म्हणून वयात आलेल्या व्यक्तींसाठी स्त्री गट बंद केला. सप्टेंबर २०२५ पासून ॲथलेटिक्समध्ये जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत स्त्री गटात उतरणाऱ्या खेळाडूंसाठी एसआरवाय जनुकाची आयुष्यात एकदा करावयाची चाचणी लागू झाली. ज्या प्रकारची चाचणी १९९९ मध्ये मागे घेतली गेली, ती नव्या तंत्रासह पुन्हा आली, असे म्हणता येईल.

क्रिकेट आणि अनया बांगर यांचे प्रकरण

सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाच्या डॅनिएल मॅकगेही या अमेरिका खंडाच्या पात्रता स्पर्धेत खेळून आंतरराष्ट्रीय महिला सामना खेळणाऱ्या पहिल्या पारलिंगी क्रिकेटपटू ठरल्या. दोनच महिन्यांत आयसीसीचे वर उल्लेखिलेले धोरण आले. त्यात देशांतर्गत क्रिकेटचा निर्णय त्या त्या देशाच्या मंडळावर सोपविण्यात आला होता. इंग्लंडच्या मंडळाने प्रथम व्यावसायिक स्तरावर आणि मे २०२५ मध्ये, तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, सर्वच स्तरांवर महिला क्रिकेट पारलिंगी स्त्रियांसाठी बंद केले. खुले व मिश्र क्रिकेट तेवढे मोकळे ठेवले.

अनया बांगर यांच्या प्रकरणाने या नियमांतील एक पेच समोर आणला. 'पुरुषांच्या गटात खेळावे' हा सल्ला सहज दिला जातो. परंतु संप्रेरक उपचारांनी त्यांची ताकद घटली होती आणि ही घट त्यांनी स्वतःच जाहीरपणे मांडली होती. उपचार घेतले तर पुरुषांशी बरोबरी होत नाही, आणि स्त्री गटाचे दार उपचार घेऊनही उघडत नाही, अशी ही कोंडी आहे. २०२५ मध्ये त्यांनी मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात झालेल्या आपल्या शारीरिक चाचण्यांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि आयसीसी व बीसीसीआय यांनी पुराव्याच्या आधारे चर्चा करावी, असे आवाहन केले. एका खेळाडूच्या चाचण्यांवरून सर्वांसाठी नियम करता येत नाही, हे खरे. तथापि, प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र तपासणी की सर्वांसाठी एकच रेषा, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न तात्त्विकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. पहिल्या पर्यायात व्यक्तीला न्याय मिळण्याची शक्यता अधिक, परंतु तो खर्चिक व वादग्रस्त. दुसऱ्यात निश्चितता अधिक, परंतु अपवादांना जागा नाही.

भारतीय कायद्याची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नालसा' प्रकरणी दिलेल्या निकालात पारलिंगी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. त्यानंतर संमत झालेल्या २०१९ च्या अधिनियमातील कलम १३ शिक्षणसंस्थांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. शासनाच्या निधीवर चालणाऱ्या वा शासनमान्य प्रत्येक शिक्षणसंस्थेने पारलिंगी व्यक्तींना भेदभावाविना, इतरांच्या बरोबरीने सर्वसमावेशक शिक्षण आणि क्रीडा, मनोरंजन व विरंगुळ्याच्या संधी द्याव्यात, अशी तरतूद त्यात केलेली आहे. क्रीडेचा उल्लेख येथे स्पष्ट शब्दांत आहे. मात्र ही संधी कोणत्या गटात द्यावयाची, याविषयी हे कलम मौन बाळगते.

हे मौन व्यवहारात काय करते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते. २०२२ च्या भरतीत अर्जावर तिसरा पर्यायच नव्हता. आर्या पुजारी व अन्य उमेदवारांच्या अर्जावर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने (मॅट) नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पर्याय देण्याचे आदेश दिले. शासनाने त्यास उच्च न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अर्जात पर्याय उपलब्ध करून देण्यास आणि शारीरिक चाचणीचे निकष २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत निश्चित करण्यास सांगितले. निकष आधी ठरले नसल्यामुळे उमेदवारांना मैदानाऐवजी न्यायालयात धावावे लागले, हा या प्रकरणाचा बोध होय.

पालघर जिल्ह्याच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद स्त्री वा पुरुष यांव्यतिरिक्त 'इतर' या रकान्यात झाली. वर्गात अशी विद्यार्थिनी वा विद्यार्थी दिसत नाही याचा अर्थ तो नाही, असा घेता येत नाही. अनेकदा ओळख उघड करण्याइतका विश्वास वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत अनेक प्रांतांतील कुटुंबे राहतात, किनाऱ्यावर मच्छीमार वस्त्या आहेत आणि डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतून आदिवासी मुले-मुली शिक्षणासाठी येतात. अशा विद्यार्थिवर्गात लिंगओळखीविषयी खुलेपणाने बोलण्याची सोय सर्वांना सारखी नसते.

येथील मैदानावर दोन दावे एकाच वेळी उभे राहू शकतात, आणि दोन्ही दुर्बलांचे आहेत. पहिला दावा पाड्यावरून येणाऱ्या मुलीचा. तिच्यासाठी कबड्डी वा धावण्याच्या संघातील जागा केवळ हौसेची नसते. राज्यात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. मुलींच्या संघातील एक जागा हे तिच्या घरातील पहिल्या नोकरीचे दार असू शकते. ती जागा तिला न्याय्य स्पर्धेत मिळावी किंवा न मिळावी, परंतु निकषांच्या गोंधळात जाऊ नये. दुसरा दावा पारलिंगी विद्यार्थिनीचा. तिला कोणत्याच रांगेत उभे राहता आले नाही, तर ती प्रथम मैदान सोडते आणि पुष्कळदा त्यापाठोपाठ महाविद्यालयही. कलम १३ चे वचन तिच्यापुरते कागदावरच राहते.

आणखी एक धोका दुर्लक्षिला जातो. पारलिंगी स्त्रियांना रोखण्यासाठी संशयावर आधारित तपासणी सुरू झाली, तर तिचा पहिला फटका पारलिंगी नसलेल्या मुलींनाच बसतो. श्रमाने कसलेले शरीर, आखूड केस, जाडसर आवाज असलेली कोणतीही मुलगी हरलेल्या संघाच्या तक्रारीचे लक्ष्य होऊ शकते. शांती सौंदराजन यांच्या बाबतीत घडलेली मानहानी जिल्हा पातळीवर कोणाच्याही वाट्यास येऊ नये, ही जबाबदारी शिक्षकांची आहे.

सुचविलेली व्यवस्था

वरील विवेचनावरून प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, पातळी बदलली की न्यायाचा निकषही बदलला पाहिजे. जागतिक अंतिम फेरीसाठी केलेला नियम महाविद्यालयाच्या पटांगणावर जसाच्या तसा आणणे चुकीचे आहे. आणि पटांगणावरील मोकळीक तशीच वरच्या स्पर्धेत मागणेही टिकणारे नाही. त्या दृष्टीने पुढील सूचना मांडता येतील.

१. सराव, व्यायामशाळा, शारीरिक शिक्षणाचा तास व प्रशिक्षण शिबिर येथे कोणतीही निवड नसते. तेथे पारलिंगी विद्यार्थ्यांना त्यांच्या ओळखीनुसार निरपवाद प्रवेश असावा.

२. महाविद्यालयांतर्गत स्पर्धांत मिश्र वा खुले संघ, तसेच कौशल्याच्या पातळीनुसार केलेले संघ यांचे प्रमाण वाढवावे. केरळच्या राज्य क्रीडा परिषदेने एप्रिल २०१७ मध्ये पारलिंगी खेळाडूंसाठी स्वतंत्र क्रीडास्पर्धा भरविली होती. तो उपक्रम स्वागतार्ह असला तरी एका महाविद्यालयात वा तालुक्यात स्वतंत्र गटास पुरेसे स्पर्धक मिळणे कठीण असते; म्हणून खुला गट अधिक व्यवहार्य ठरतो.

३. ज्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून पुढील निवड, गुण वा आरक्षणाचा लाभ ठरतो, तेथे विद्यापीठाने खेळनिहाय निकष हंगाम सुरू होण्यापूर्वी लेखी जाहीर करावेत. कबड्डी, कुस्तीसारख्या अंगसंपर्काच्या खेळांत स्पर्धेच्या न्याय्यतेसोबत सुरक्षिततेचा निकष स्वतंत्रपणे मांडावा. एखाद्या खेळात स्त्री गट मर्यादित ठेवावा लागला तर त्याचे कारण सांगावे आणि खुल्या गटाचा पर्याय त्याच पत्रकात द्यावा.

४. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय मार्गावरील खेळाडूस संबंधित महासंघाच्या नियमांची पूर्ण कल्पना सुरुवातीसच द्यावी. पाच वर्षांच्या मेहनतीनंतर दार बंद असल्याचे कळणे हा अन्यायाचाच एक प्रकार आहे.

५. पारलिंगी पुरुषांचाही विचार व्हावा. टेस्टोस्टेरॉन हे उत्तेजक द्रव्यांच्या यादीत असल्याने, उपचार म्हणून ते घेणाऱ्या खेळाडूस वैद्यकीय सवलतीची रीतसर परवानगी घ्यावी लागते. ही माहिती क्रीडाशिक्षकांना असणे आवश्यक आहे.

६. कोणत्याही शिक्षकाने वा संघव्यवस्थापकाने विद्यार्थ्याच्या शरीराविषयी तपासणी वा चौकशी करू नये. तक्रार आल्यास ती लेखी घ्यावी, प्राचार्यांमार्फत ठरलेल्या समितीपुढे ठेवावी आणि गोपनीयता पाळावी. कपडे बदलण्यासाठी एक तरी एकांताची खोली असावी. तिचा उपयोग सर्वच विद्यार्थ्यांना होतो.

समारोप

न्याय्य स्पर्धा आणि समावेशन ही दोन्ही मूल्ये खेळाच्या गाभ्याशी आहेत. सर्वोच्च पातळीवर स्त्री गटाची सीमा काटेकोर आखण्यास शरीरशास्त्राचा आधार आहे. तो नाकारण्यात स्त्री खेळाडूंचे हित नाही. मात्र ती सीमा दाखवून शिक्षणसंस्थांनी आपल्या मैदानाचे फाटक बंद करणे हे विज्ञानालाही धरून नाही आणि कायद्यालाही. आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांसाठी खेळ हा पदकाचा मार्ग नसून आरोग्य, मैत्री व आत्मविश्वास मिळविण्याचा मार्ग असतो, आणि तेथे वगळणुकीला कोणतेही कारण उरत नाही. जेथे जागा मोजक्या आहेत आणि त्यांवर नोकरी वा गुण अवलंबून आहेत, तेथे निकष स्पष्ट, लेखी आणि आधी जाहीर झालेले असावेत, एवढी मागणी पाड्यावरील मुलगी आणि पारलिंगी विद्यार्थिनी दोघीही करू शकतात. पोलीस भरतीच्या प्रकरणात हे निकष न्यायालयाच्या आदेशाने ठरवावे लागले. महाविद्यालये व विद्यापीठे यांनी ते काम पहिला अर्ज येण्यापूर्वी, येत्या क्रीडाहंगामाच्या नियोजनातच हाती घेणे उचित ठरेल.